फिंटनच्या कोटातलं सोंग

कॅरिगडफ गावात त्या वर्षी हॅलोवीनला प्लास्टिक आणायचं नाही असं ठरलं, ते एका मेलेल्या पाखरामुळे. आदल्या वर्षी हॉलबाहेरच्या कुंपणावर कुणीतरी दुकानातून आणलेलं कोळ्याचं खोटं जाळं पसरून ठेवलं होतं. सण उरकल्यावर ते काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आठवडाभरानं शाळेतल्या पोरांना त्यात एक रॉबिन पक्षी अडकून मेलेला सापडला. पाय गुंतलेले, एक पंख पसरलेला. पोरांनी त्याला शाळेच्या परड्यात पुरलं, आणि त्यांच्या शिक्षिकेनं, ग्रॉनियानं, त्यांना घेऊन ओढ्याकाठी फेरी मारली. खोटे दात, खोटे केस, चेटकिणींच्या टोप्या, चॉकलेटांचे कागद असं पोतंभर निघालं. तेव्हाच पोरांनी मनाशी काहीतरी धरलं असावं, कारण वर्ष उलटलं तरी ती विसरली नाहीत. दुकानातले कपडे नकोत, भोपळेसुद्धा नकोत, कारण ते जहाजातून येतात. सोंगं काढायची ती जुन्या लोकांनी काढली तशी : कपाटातले जुने कपडे, तोंडावर लेसच्या पडद्याचं फडकं, आणि हातात कोरून आत दिवा लावलेला सलगमाचा कंद.

म्हातारी माणसं खूश झाली. त्यांच्या लहानपणचा सण असाच होता. सोंगं घरोघर जायची आणि तोंडातून शब्द काढायची नाहीत. घरच्यांनी चाल बघून, हात बघून ओळखायचं. नाव बरोबर आलं की सोंगानं फडकं काढायचं, मग हसणं, खाणंपिणं. नाव आलंच नाही तर सोंग गुपचूप उठून पुढच्या घरी जायचं.

कपडे जमवायचं काम कन्सेप्टा ब्रेहनीनं अंगावर घेतलं. कन्सेप्टाच्या पोटात चहा राहायचा, बातमी राहायची नाही. पण कामाला वाघ. ती डिम्फना गिलरॉयच्या दारात उभी राहिली ती रिकामी पोती घेऊनच.

"तुझ्या कपाटात काय आहे?" तिनं विचारलं.

"माझे कपडे आहेत. आणि ते मी अजून घालते."

"दुसऱ्या कपाटात गं."

दुसरं कपाट डिम्फनाच्या नवऱ्याचं होतं. फिंटन फेब्रुवारीत गेला होता. सकाळी मधमाश्यांच्या पेट्यांवर रात्रीच्या वाऱ्यानं काही पडलंय का बघायला गेला, आणि बांधावर बसल्यासारखा सापडला. तेव्हापासून ते कपाट तिनं उघडलं नव्हतं.

"मी काही जबरदस्ती करत नाही," कन्सेप्टा जरा मऊ होऊन म्हणाली. "पण बये, कपड्याला अंग लागतं. नुसता टांगला की त्याला कसर लागते."

ती गेल्यावर डिम्फनानं कपाट उघडलं. ओली लोकर, मेण आणि पेट्यांना देतात त्या धुराचा वास एकदम अंगावर आला. ती थोडा वेळ पलंगावर बसून राहिली. मग उठून एकेक काढू लागली. सदरे दिले. विजारी दिल्या. गुडघ्यावर ठिगळ लावलेली एक मागे ठेवली, कारण ते ठिगळ तिच्या हातचं होतं, मग तीही दिली. शेवटी उरला तो तपकिरी ट्वीडचा लांब कोट. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घेतलेला, कोपरांवर चामडं लावून लावून जगवलेला. तिनं तो दोनदा खुंटीला परत लावला. तिसऱ्यांदा घडी करून पोत्यात कोंबला आणि कन्सेप्टाच्या नवऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकून आली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती हॉलवर गेली. टेबलांवर कपड्यांचे ढीग होते, पोरं त्यात पोहत होती. कोट नव्हता. तिनं ग्रॉनियाला विचारलं.

"नेला वाटतं कुणीतरी," ग्रॉनिया म्हणाली. गोलवे शहराकडून आलेली तरुण पोर, गावातल्या मोठ्यांशी फार अदबीनं बोलायची. "कोण काय नेतंय ते आम्ही बघतच नाही आहोत, डिम्फना. नाहीतर ओळखण्यात मजा काय राहिली? तुम्हाला परत हवा होता का?"

"नाही गं. सहज विचारलं."

तेवढ्यात एका पोरानं टेकडीवरच्या शेकोटीचं काढलं. जुनी माणसं शेकोटी पेटवायची ना, मग आपण का नाही? हॉलमधले दोघं-तिघं मोठे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग डिम्फनाकडे न बघण्याची काळजी घेऊ लागले. ग्रॉनिया नवखी होती. ती म्हणाली, "नुसती लाकडं आणि झाडाच्या फांद्या, दुसरं काही नाही. कुणाला रचता येते ती?"

"मॅलकीला," कुणीतरी हळूच म्हणालं. "पण तो यायचा नाही."

मॅलकी गिलरॉय म्हणजे फिंटनचा धाकटा भाऊ. त्याचं घर वरच्या रस्त्याला, डिम्फनाच्या मागच्या दारातून त्याच्या मेंढ्या दिसायच्या. एके काळी शीअन टेकडीवरची शेकोटी त्याचीच असायची, तीन गावांत तिला जोड नव्हती. नंतर नंतर लोक तिच्यावर वाटेल ते टाकू लागले. गाद्या, खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या, टायर. एका वर्षी तो काळा धूर खाली डिम्फनाच्या घरात शिरला. तिच्या लेकीला, ऑर्लाला, लहानपणापासून दमा होता. त्या रात्री पोरीला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. फिंटन भावाला भेटला, टायर नको म्हणाला. मॅलकीनं शब्द दिला. पुढच्या वर्षी पुन्हा काळा धूर निघाला, आणि फिंटननं फोन उचलून आगीचा बंब बोलावला. सगळ्या गावासमोर बंबवाल्यांनी शेकोटीवर पाणी मारलं. मॅलकी बाजूला उभा राहून बघत होता. त्यानंतर टेकडीवर कधी आग पेटली नाही आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. ऑर्ला मोठी झाली, शिकली, ऑस्ट्रेलियात गेली, तिला मुलगी झाली, तरी नाही. फिंटनच्या दफनाला मॅलकी चर्चमध्ये आला नाही. कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे टोपी हातात घेऊन उभा होता, असं कन्सेप्टानं सांगितलं होतं.

शेकोटी होणार नाही असं कळल्यावर पोरांनी तिथल्या तिथे दुसरं ठरवलं. सगळे सलगमाचे दिवे टेकडीवर गोल मांडायचे.

डिम्फना रिकाम्या हातानं घरी आली, आणि त्या दिवसापासून तिच्या मनानं एक वेगळंच घेतलं. कोट कुणाच्या तरी अंगावर आहे. हॅलोवीनला तो गावातून फिरणार. कदाचित तिच्या दारात येणार. आधी तिला वाटलं, येऊ नये. मग भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, तिचं तिलाच कळलं की ती वाट बघतेय. तिला लाज वाटली. एवढी वर्षं संसार केलेली बाई, आणि कोटाची वाट बघतेय. पण लाज वाटून वाट बघणं थांबत नाही.

सणाच्या सकाळी ऑर्लाचा पर्थहून फोन आला. पडद्यावर उकाड्यानं लाल झालेली नात आईस्क्रीम खात होती.

"एकटी बसू नकोस, आई. कन्सेप्टाकडे जा."

"सोंगं यायची आहेत माझ्याकडे. दार बंद कसं ठेवू?"

"मग रडत बसू नकोस."

"कांदा चिरायचाय, त्याची हमी नाही देत."

दुपारी तिनं बटाटे कुस्करून त्यात केलच्या भाजीची पानं आणि लोणी घातलं, मनुका घातलेला गोड पाव, ब्रॅक, कापला. पुड्यातल्या गोळ्यांऐवजी टोपलीत सफरचंदं आणि अक्रोड ठेवले. सलगम कोरायला बसली तेव्हा मात्र घाम फुटला. भोपळा मुकाट्यानं कापून घेतो, सलगम दगडासारखा. हे काम फिंटनचं असायचं. तो चमच्याची कड घासून धारदार करायचा आणि गुणगुणत पोखरत बसायचा. तिच्या हातून पहिल्या दिव्याचं तोंड वाकडं झालं, दुसऱ्याला एकच डोळा आला. तिनं आत फिंटनच्याच मेणाच्या वाती लावल्या आणि ते खिडकीत ठेवले. मग तिनं चुलीपाशी एक खुर्ची ओढली आणि समोर ताट मांडलं. त्या दिवशी घरचं गेलेलं माणूस येतं, त्याला बसायला जागा ठेवायची, असं तिची आई करायची. डिम्फना कधी करत नसे. या वर्षी केलं.

अंधार पडताच पोरं आली. एकानं आज्जीचा झगा घातला होता, एकजण चक्क बटाट्याच्या पोत्यात होता. तिनं मुद्दाम चुकीची नावं घेतली. पोत्यातल्याला ती फादर म्हणाली तेव्हा पोतं हसून हसून खाली बसलं. मग खरी नावं घेतली, सफरचंदं दिली, आणि दिव्यांची रांग पायवाटेनं उतरून गेली.

नंतर बराच वेळ कुणी आलं नाही. तिनं चुलीत जळणाच्या, दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या दोन विटा सारल्या. येणार नाही बहुतेक, असं मनाशी म्हणाली. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

तिनं दार उघडलं. दारात फिंटनचा कोट उभा होता.

वर टोपी, तोंडावर लेसचं फडकं, हातात काही नाही. कोट खांद्यांवर असा बसला होता, जसा तो फक्त एकाच माणसाला बसायचा, उजवा खांदा जरासा उतरलेला. क्षणभर डिम्फनाला तो फिंटनच वाटला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलंही. तो खांदा गावात आणखी एकाच माणसाचा होता. दोघांच्या बापाचाही तसाच होता.

नाव तिच्या ओठावर आलं. पण नाव घेतलं की फडकं निघणार, आणि फडकं निघालं की फिंटनचा कोट दुसऱ्याच कुणाचा तरी होणार. तिनं नाव गिळलं.

"आत ये," ती म्हणाली. "थंडी आत येतेय."

सोंग आत आलं. खोलीभर नजर फिरवत राहिलं. त्याचा जन्म याच घरातला होता. मग तिनं दाखवल्यावर ते चुलीपाशी मांडलेल्या खुर्चीत बसलं.

"बघू, कोण आहेस तू," डिम्फना म्हणाली. "कन्सेप्टाचा नवरा?"

सोंगानं मान हलवली.

"नाही. त्याचं पोट मावलं नसतं. खाटीक?"

मान हलली.

"मग पोस्टमन असशील."

पोस्टमन उंचीनं तिच्या खांद्याला लागायचा. सोंगानं तिच्याकडे नीट बघितलं आणि फार सावकाश मान हलवली. तिनं ओळखलंय हे त्यालाही आता कळलं असावं. तरी ते उठलं नाही. तिनं ताटात बटाट्याचा गोळा वाढला, मधे खळगा करून लोणी सोडलं. सोंगानं भिंतीकडे तोंड केलं, फडकं वर धरलं आणि खाल्लं. ताट पुसून खाल्लं. ती टेबलाशी बसून ती पाठ बघत होती. कॉलरखालची उसवलेली शिवण तिनंच घातली होती, घाईत, काळ्या दोऱ्यानं, तपकिरी संपला होता म्हणून.

"एक करशील का?" तिनं विचारलं. "जरा खिडकीपाशी जाऊन उभा राहशील? बाहेर बघत. पाठ माझ्याकडे करून."

सोंग उठलं. खिडकीपाशी जाऊन उभं राहिलं, आणि कुणी न सांगता त्यानं दोन्ही हात मागे घेतले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. रोज संध्याकाळी फिंटन तिथं तसाच उभा राहायचा. उद्याचं आभाळ वाचायचा. ती भांडी विसळता विसळता विचारायची आणि तो मागं न वळता सांगायचा. इतकी साधी गोष्ट की गेल्या आठ-नऊ महिन्यांत तिला ती आठवलीसुद्धा नव्हती. दफनाचा दिवस आठवायचा, लग्नाचा आठवायचा. हे नव्हतं आठवलं. आता ते समोर उभं होतं आणि तिला वाटलं, हे इथंच असू दे. चूल जळत राहू दे, कुणी वळू नये, बोलू नये.

आणि तीच बोलली. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

"उद्या पाऊस आहे का?"

"दुपारनंतर," खिडकीतून उत्तर आलं.

आवाज जाड होता, खरखरीत, फिंटनचा मुळीच नव्हता. डिम्फनानं डोळे मिटून घेतले, उघडले.

"बस, मॅलकी," ती म्हणाली. "काढ ते."

त्यानं टोपी काढली, फडकं काढलं. म्हातारा झाला होता. लांबून मेंढ्यांमागे दिसायचा तेव्हा ते जाणवलं नव्हतं.

"कधी ओळखलंस?"

"दार उघडलं तेव्हाच."

"मग मला खाटीक न् पोस्टमन कशाला केलंस?"

"तू लगेच गेला असतास."

तो खुर्चीत बसला, फडकं हातात चुरगाळत. "हॉलवर गेलो होतो मी त्या संध्याकाळी, जुने कपडे टाकायला. कुणी नव्हतं तिथं. टेबलावर हा पडलेला. काखेत मारला आणि चोरासारखा घरी आलो. घालायचा नव्हता मला, डिम्फना. नुसता घरात असावा म्हणून."

"मला वाटलं होतं माझ्यासारखी वेडी मीच."

तिनं चहा ओतला. त्यानं साखर तीन चमचे घातली आणि ढवळतच राहिला.

"टायर मी नव्हते टाकले," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी. पोरांनी आणले."

"काढलेही नाहीस."

"नाही. सगळे बघत होते. दोन घोट पोटात होते. भावाला भितो म्हणतील, असं वाटलं." मग म्हणाला, "पहिल्या वर्षी ती रुग्णवाहिका मी टेकडीवरून बघितली होती. कुणाकडे चाललीय ते कळलं नाही. कशी आहे पोर?"

"तिकडे बरी असते. दम लागत नाही म्हणते. तिची मुलगी तुमच्या आईसारखी दिसते, नाक तेच."

"देव त्या पोरीचं भलं करो," मॅलकी म्हणाला. मग कपाकडे बघत त्यानं विचारलं, "शेवटी काही म्हणाला का तो? माझ्याबद्दल?"

एखादं वाक्य रचून देणं काही अवघड नव्हतं. त्यानं ते तोंड भरून घेतलं असतं आणि जन्मभर जपलं असतं. पण त्याच्या अंगावर तो कोट होता, आणि फिंटनला बनवाबनवी खपायची नाही.

"शेवट असा आलाच नाही रे," ती म्हणाली. "सकाळी निघाला, पेट्या बघून येतो म्हणाला. आणि आधीही कधी काही बोलला नाही. तुझं नाव निघालं की उठून बाहेर जायचा."

"रागानं."

"मला तसं वाटायचं. आता सांगता येत नाही."

"त्यानं हाक मारली असती तर मी आलो असतो."

"तू आला असतास तर त्यानं मारली असती."

मॅलकीनं मान डोलावली. खिडकीतून शीअन टेकडीवर पोरांचे दिवे चढताना दिसत होते, लहान लहान, डगमगणारे. त्यांचा गोल पुरा व्हायला फार वेळ लागला. मॅलकी उठला तेव्हा त्यानं कोटाच्या बटणाला हात घातला.

"इथं ठेवू का हा?"

"बाहेर थंडी आहे," डिम्फना म्हणाली.

तो गेला. ती दारात उभी राहून त्याला वरच्या रस्त्याला लागताना बघत राहिली. अंधारात चेहरा दिसत नव्हता, आवाज नव्हता, नुसता तो उतरलेला खांदा जात होता. तो वळणाआड गेला तसं तिनं दाराची चौकट धरली. मग ती आत आली आणि ऑर्लानं नको म्हटलं होतं तेच तिनं केलं, रडत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी ढकलगाडीवर दिवे गोळा केले. काही टाकायचं नाही असंच ठरलं होतं, सगळे सलगम जनावरांना. डिम्फनानं आपले दोन बादलीत घातले. वरच्या रस्त्यानं ती कितीतरी वर्षांनी चढली. मधे दोनदा दम खायला थांबली. मॅलकी कुंपणाशी मेंढ्यांना पोरांनी टाकलेले सलगम देत होता, अंगात त्याचं रोजचं जर्किन.

"हे कुणाचं थोबाड?" त्यानं तिच्या बादलीतला वाकड्या तोंडाचा दिवा उचलून विचारलं.

"माझ्या हातचं आहे. नावं ठेवू नकोस."

"नावं कुठं ठेवतोय. नाव ओळखायचा प्रयत्न करतोय. फादर का हा? रविवारी पैशाची टोपली फिरते तेव्हा असाच दिसतो."

"देवाला घाबर जरा. काल सगळ्या संतांच्या सणाचा आदला दिवस होता, आज सगळे संत घरी आलेत."

त्यानं दिवा आत टाकला. एक थोराड मेंढी पुढं आली, तिनं हुंगलं, आणि पहिल्याच घासाला फादरचं नाक नेमकं उडवलं. मॅलकी हसला. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलले, मग नाकातून एक शीळ निघाली, आणि त्यामागून एकदम मोठा हुंकार.

डिम्फनाच्या हातातली बादली कठड्याला लागून वाजली. फिंटन हुबेहूब असाच हसायचा. इतक्या जवळून, अबोल्याच्या इतक्या वर्षांत, तिनं धाकट्याला कधी हसताना ऐकलंच नव्हतं. ती कुंपणाला रेलली, आणि खाटकाची एक गमतीची गोष्ट सांगायला लागली, मग कन्सेप्टाची, मग पोत्यातल्या पोराची. त्यातली अर्धी तिला धड येतही नव्हती. मॅलकी ऐकत होता, मधेच मेंढीला ढकलत होता. पश्चिमेकडून ढग यायला लागले होते. ती त्याच्या खांद्यांकडे बघत बोलतच राहिली, ते पुन्हा हलतात का बघत.